शेजारच्या पोराचं पॅकेज आणि आपली बॅच

जून-जुलैत माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला घ्यायला येणारे बहुतेक पालक एकच विचारतात: इंजिनिअर उदंड झालेत, मग नोकरीची खात्री कुठल्या ब्रँचला? निफाड तालुक्यातले एक कांदा उत्पादक मुलीला घेऊन आले होते. सीईटीच्या गुणांवर तिला सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. वडिलांनी मात्र कर्ज काढून खासगी कॉलेजात, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं. "शेजारच्या पोराला त्यातच पॅकेज मिळालं, मॅडम."

मुलगी आधी गप्प होती. मग विहिरीवरची मोटर कशी जळली ते सांगायला लागली. वायरमनने सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, बायपास केलं होतं. एक फेज गेला तरी मोटर फिरत राहिली, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढला आणि वाइंडिंग गेलं. तिने ते कागदावर काढून दाखवलं. वडील हे पहिल्यांदाच ऐकत होते.

पण नुसत्या आवडीने बापाची काळजी मिटत नाही, मिटूही नये. म्हणून बाजाराचंच बोलले. शेजारच्या मुलाला २०२२ मध्ये मिळालं तो टंचाईचा भाव होता. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसने लाखभर फ्रेशर घेतले. २०२३-२४ मध्ये याच कंपनीचं मनुष्यबळ १३ हजारांहून जास्त घटलं. आज प्रवेश घेणारी मुलगी चार वर्षांनी बाहेर पडणार, आणि तेच पॅकेज बघून आत शिरलेले सगळे तिच्यासोबत. त्यात २०२४ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने चांगल्या कॉलेजांसाठी ब्रँचमधल्या जागांची कमाल मर्यादाही उठवली आहे.

"म्हणजे कांद्यासारखंच की," वडील म्हणाले. "औंदा भाव चढला की पुढल्या साली जो तो कांदाच लावतो."

अगदी तेच. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी इंजिनिअरांबद्दल हेच मांडलं होतं. अपोलो मोहिमा आटोपत आल्या, सिएटलमध्ये बोईंगने हजारोंना घरी बसवलं, मुलांनी इंजिनिअरिंगकडे पाठ फिरवली. पुढच्या बॅचेस लहान निघाल्या आणि पगार पुन्हा चढले.

इलेक्ट्रिकलला तेजी येईलच, असं मात्र मी म्हटलं नाही. ते कुणीही म्हणू नये. माझा सगळा जोर कर्जावर होता. मंदीत पास झालेल्या मुलीला वर्षभर थांबता आलं पाहिजे, एम.टेक.साठीची गेट परीक्षा देता आली पाहिजे. डोक्यावर हप्ता असला की मिळेल ती नोकरी धरावी लागते. शिवाय ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. पण ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. वडिलांना याचा पत्ताच नव्हता.

फॉर्मवर इलेक्ट्रिकल पहिलं आलं. कॉम्प्युटरही ठेवलं, पण कॅपमधलंच. प्रोग्रामिंग शिकायचं तिने आपणहून ठरवलं. वडील दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले.