देव मानणाऱ्यांनी असे सिनेमे पाहावेत का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

श्रद्धेला धक्का देणारे कल्पनारम्य सिनेमे आणि ते आवडीने पाहणारी श्रद्धाळू मंडळी, या विषयावर गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. तिला ‘द गोल्डन कंपास’ पाहायचाय. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ग्रुपवर मेसेज फिरतोय की यात मुलं देवाला ठार मारतात आणि हा सिनेमा मुलांना नास्तिक करण्यासाठीच काढलाय. दाखवू की नको?
— एक आई, वसई

उत्तर : मेसेजमधलं थोडंफार खरं आहे, पण ते या सिनेमाबद्दलचं नाही. डिसेंबर 2007 मध्ये आलेला हा सिनेमा फिलिप पुलमन यांच्या तीन पुस्तकांपैकी पहिल्यावर, म्हणजे 1995 च्या ‘नॉर्दर्न लाइट्स’वर बेतलेला आहे. पुलमन उघड नास्तिक आहेत आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. लोक ज्याला ‘देवाचा वध’ म्हणतात तो प्रसंग मात्र तिसऱ्या पुस्तकात, 2000 च्या ‘द अँबर स्पायग्लास’मध्ये येतो. तिथेही कथेच्या हिशेबाने संपतो तो सृष्टिकर्ता नव्हे. तो ‘अथॉरिटी’ नावाचा पहिला देवदूत. मीच सगळं निर्माण केलं असं खोटं सांगून त्याने गादी बळकावलेली असते. आता तो जराजर्जर झालाय, स्फटिकाच्या पालखीत अडकलाय. मुलं त्याची दया येऊन पालखी उघडतात आणि तो वाऱ्यावर विरून जातो.

सिनेमात यातलं काही नाही. दिग्दर्शक क्रिस वाइट्झ यांनी चर्चवरचा थेट रोख काढून टाकला. उरली ती ‘मॅजिस्टेरियम’ नावाची एक दडपशाही करणारी संस्था. नाव अर्थातच कॅथलिक परंपरेतून उचललेलं आहे, त्यामुळे जाणकार प्रेक्षकाला रोख कळतोच. पहिल्या पुस्तकाचा शेवटही कापला आहे. पुस्तकात शेवटी रॉजर हा मुलगा मरतो; सिनेमा त्याच्या आधीच, आशेच्या सुरावर थांबतो.

मग इतका गदारोळ कशाला? अमेरिकेतल्या ‘कॅथलिक लीग’ने ऑक्टोबर 2007 मध्ये बहिष्काराची हाक दिली, तेव्हा त्यांचंही म्हणणं सिनेमा सौम्य केलाय असंच होतं. भीती पुढची होती: सिनेमा आवडला की आईवडील नाताळात मुलांना पुस्तकं घेऊन देतील. दुसरीकडे अमेरिकी बिशपांच्या परिषदेच्या चित्रपट कार्यालयाने बरं परीक्षण लिहिलं आणि टीका झाल्यावर त्याच डिसेंबरात ते मागे घेतलं. म्हणजे ख्रिस्तसभेतही तेव्हा एकमत नव्हतं. तुमच्या ग्रुपवरचा मेसेज बहुधा त्या काळातल्या ईमेलांचा नातू असावा.

आता मुलीबद्दल. सिनेमा 113 मिनिटांचा आहे. आधी तुम्ही एकट्याने पाहा. आमच्या मते त्यात बारा वर्षांच्या मुलीला खटकेल असं काही असेल तर ते धर्मशास्त्र नाही, दोन दृश्यं आहेत. एक, बोल्वांगरच्या केंद्रात मुलाला आणि त्याच्या ‘डीमन’ला वेगवेगळ्या पिंजऱ्यात ठेवून मधलं नातं पात्याने तोडण्याची तयारी. (या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर, सतत सोबत असतो, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दृश्यातली भीती कळतच नाही.) दुसरं, अस्वलांची झुंज. त्यात एका अस्वलाचा जबडा एका फटक्यात उडतो. आठ-नऊ वर्षांचं धाकटं भावंड सोबत बसणार असेल तर ही झुंज आधी लक्षात घ्या.

बघताना मधेच थांबवून ‘हे चूक आहे हं’ असं सांगू नका. तसं केलं की मूल सिनेमा सोडून तुमचा चेहरा बघायला लागतं आणि पुढच्या वेळी मैत्रिणीकडे जाऊन बघतं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. तीन प्रश्न पुरतात: मॅजिस्टेरियमच्या लोकांना कशाची भीती वाटते? लायराला, म्हणजे कथेच्या नायिकेला, खरं कुणी सांगितलं, खोटं कुणी? आणि आपल्या चर्चमध्ये यातलं काय आहे, काय नाही? तिसऱ्या प्रश्नाला ती ‘थोडं आहे’ म्हणाली तर दचकू नका. ऐकून घ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. याच पुस्तकांवर 2019 ते 2022 मध्ये आलेली तीन पर्वांची मालिका सिनेमाइतकी सौम्य नाही. तिसऱ्या पर्वात ‘अथॉरिटी’चा प्रसंग येतो. सिनेमा चालला म्हणून मालिका लावून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, असं होऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या तरुण संघात असा एखादा सिनेमा दाखवून चर्चा घ्यायची आहे. कशी घ्यावी?
— एक युवा कार्यकर्ता, पुणे

उत्तर : आधी परवानगी, कारण तिथेच बहुतेक ठिकाणी चूक होते. ‘फुकट दाखवतोय, धार्मिक संस्था आहे, मग काय हरकत?’ हा समज बरोबर नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली हौशी मंडळांना आणि धार्मिक संस्थांना मिळणारी सवलत नाटक, संगीत अशा प्रयोगांना आहे, सिनेमाला नाही. ओटीटीचं घरगुती खातं सभागृहात चालवणं त्या खात्याच्या अटींतही बसत नाही. हक्कधारकाची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. ते जमत नसेल तर सिनेमा प्रत्येकाने आपापल्या घरी पाहायचा आणि चर्चेसाठी एकत्र यायचं. खरं तर आम्हाला हीच पद्धत जास्त आवडते. लोक विचार करून येतात.

पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. त्यात नाव, लांबी, वयाचा दाखला आणि ‘या कथेतली धर्मसंस्था खलनायक आहे’ हे एक सरळ वाक्य असू द्या. ते वाक्य लपवलंत तर नंतरची सगळी भांडणं तेवढ्यावरच होतात.

चर्चेला चाळीस मिनिटं, गट सहा-सात जणांचे. प्रत्येक गटाला एक कागद आणि त्यावर तीन रकाने: कथेत काय घडतं, कथा रचणाऱ्याला काय म्हणायचंय, आपण काय मानतो. पहिला रकाना भरेपर्यंत बाकीच्यांना हात लावायचा नाही. घसरगुंडी नेमकी इथे होते. कुणीतरी थेट तिसऱ्या रकान्यात उडी मारतं, मग कथेत नसलेल्या गोष्टींवर तावातावाने वाद होतो. सोबत बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय (आदाम-हव्वेच्या पहिल्या पापाचा) छापून ठेवा. पुलमनच्या कथेतली ‘डस्ट’ नावाची गूढ धूळ मॅजिस्टेरियमला आदिपापाचा पुरावा वाटते, त्यामुळे गाडी त्या अध्यायावर येणारच.

पाळकांना किंवा फादरना शेवटी बोलू द्या, आधी नाही. आधी बोलले की मुलं त्यांचीच वाक्यं परत म्हणून दाखवतात.

आणि ज्याला यायचं नाही त्याला ओढू नका. मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याबद्दल बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना (पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात) हेच सांगतो: तुला ज्ञान आहे म्हणून तू खाशील, पण त्यामुळे दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर खाऊ नकोस.

प्रश्न : असा सिनेमा पाहताना मला मजा येते आणि नंतर अपराधी वाटतं. मजा येणं म्हणजेच पाप का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. आवडणं आणि मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुलमनच्या त्रयीचं नाव ‘हिज डार्क मटेरिअल्स’ मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधून घेतलंय. मिल्टन कट्टर प्रॉटेस्टंट, तरी त्याच्या महाकाव्यात सुरुवातीची जोरकस भाषणं सैतानाच्या तोंडी आहेत. साडेतीनशे वर्षं श्रद्धाळू माणसं ती मिटक्या मारत वाचत आली आहेत. 1995 मध्ये सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने 45 उत्तम चित्रपटांची यादी केली. तिच्यात पासोलिनी या नास्तिक दिग्दर्शकाचा येशूवरचा 1964 चा चित्रपट आहे.

अँग्लिकन चर्चचे तेव्हाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी 2004 मध्ये पुलमनच्या कथेवरच्या नाटकाची तारीफ केली होती. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: ज्याला मारता येतं आणि ज्याला सतत राखण लागते अशा देवावर विश्वास ठेवणारं चर्च कसं होईल, ते इथे दिसतं. त्रयीत येशू आणि त्याने केलेलं तारण जवळजवळ नाहीच, हे लक्षात घेतलं तर हल्ला नक्की कशावर आहे ते कळतं.

तरीही एखादा सिनेमा पाहून प्रार्थनेला बसवेना, असं होऊ शकतं. तसं झालं तर मनातला प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा. ‘निरपराध मुलांना देव का सोसू देतो?’ असा काहीतरी निघेल. पाळकांकडे तो प्रश्न घेऊन जा, सिनेमा घेऊन जाऊ नका. नाहीतर ते न पाहिलेल्या सिनेमावर अर्धा तास बोलतील आणि तुमचा प्रश्न तसाच राहील.

प्रश्न : 2006 मध्ये गोव्यात ‘द दा विंची कोड’ दाखवू दिला नाही. मग हे सिनेमे कसे चालतात?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तो कल्पनारम्य सिनेमा नव्हता, फरक तिथेच आहे. त्याच्या मूळ कादंबरीत सुरुवातीलाच ‘वस्तुस्थिती’ असं पान होतं. म्हणजे इतिहास सांगितल्याचा दावा होता. सेन्सॉर बोर्डाने त्याला प्रौढांसाठीचा दाखला दिला आणि ही काल्पनिक कथा आहे अशी पाटी लावायला लावली. तरी गोव्यासह काही राज्यांनी तो अडवला. आंध्रातली बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली. बोलणारी अस्वलं असलेल्या सिनेमाला अशी पाटी लावावी लागत नाही.

प्रश्न : ‘तुंबाड’ पाहिल्यापासून धाकटा विचारतो, हस्तर कोणत्या पुराणात आहे? आमच्याकडे कुलदेवीचं सगळं रीतसर असतं. देवीच्या पोटी असला मुलगा दाखवणं बरं वाटलं नाही.
— एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : ‘तुंबाड’ला ‘ए’ दाखला आहे, तेव्हा धाकट्याने तो कसा पाहिला हे आधी बघा. घरच्या टीव्हीवर ओटीटी असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये वयाचं कुलूप असतं. 2021 च्या नियमांनुसार ‘यूए 13+’ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी ते देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मुलाचं प्रोफाइल वेगळं करा आणि पिन त्याच्या वाढदिवसाची ठेवू नका.

हस्तर कुठल्याही पुराणात नाही. 2018 च्या या सिनेमासाठी रचलेलं ते दैवत आहे. पूर्तीची देवी, तिचे सोळा कोटी देव, सोनं मिळालेला पण धान्याला हात लावताच इतर देवांनी ठेचलेला थोरला मुलगा हस्तर, हे सगळं रचलेलं. एवढ्या एका नियमावर पुढचं सारं चालतं: त्याला धान्य मिळालं नाही म्हणून त्याची भूक पिठाची, म्हणून त्याचं सोनं काढून घ्यायला आमिष पिठाच्या बाहुलीचं आणि बचावाला पिठाचंच रिंगण. ते खरं वाटतं कारण कोकणात गावागावाला राखणदार आणि वेताळ आहेत आणि त्यांचेही असेच काटेकोर मानपान आहेत. गावाचं नाव तुमच्याच तालुक्यातलं, मग तर विचारायलाच नको.

एखादं दैवत परंपरेतलं आहे की रचलेलं, हे धाकट्याला घरीच तपासता येईल. त्याचं देऊळ कुठे आहे, जत्रा कोणत्या तिथीला, आरती किंवा माहात्म्य कोणतं, नैवेद्य काय, कुणाच्या घरचं ते कुलदैवत? आधी कुलदेवीबद्दल हे पाच प्रश्न आजीला विचारू दे, मग हस्तरबद्दल. बदनामीचं म्हणाल, तर सिनेमा उघडतो तोच गांधीजींच्या हव्यासाविषयीच्या वचनाने, आणि त्यातल्या देवीने कुणाचं काही वाईट केलेलं नाही. जे काही करतात ते वाड्यातले बापलेक.