‘एन्क्रिप्टेड’ला ‘सांकेतिक’ म्हणावं का?

यवतमाळकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे: बचत गटासाठी मोबाइल बँकिंगचा तक्ता करतेय, त्यात ‘एन्क्रिप्टेड’ला ‘सांकेतिक’ लिहू की ‘कूटबद्ध’?

ताई, ‘सांकेतिक’ नको. संकेत म्हणजे आधी ठरलेली खूण. आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव सांगतात. कोणत्या बोटाचे किती, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक. भाव लपतो तो दुपट्ट्यामुळे. एन्क्रिप्शनला, म्हणजे चाबीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर बदलून टाकण्याला, दुपट्टाच नाही. मजकूर फोनपासून बँकेपर्यंत परक्या यंत्रांतून जातो, वाटेत कोणीही त्याची नक्कल काढू शकतो. पद्धतही छापील, जगजाहीर. गुपित काय ते चाबीत, म्हणजे मजकूर उलगडणाऱ्या आकड्यात. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, असं १८८३ मध्येच बजावणारे ऑगुस्त केर्कहॉफ्स हे पेशाने भाषांचे प्राध्यापक. (आपलाच माणूस म्हणायचा!)

तेव्हा ‘कूटबद्ध’. कूट म्हणजे कोडं, कूटप्रश्नातलं. आमच्या गावात हा शब्द काढला तर एका काकूंना दाण्याचा कूट आठवला. तो ‘कुटणे’मधला, निराळा; पण काकूंना अगदी चूक म्हणवेना, मूळ रूप ओळखू येत नाही ते दोन्हीकडे. फक्त कुटलेला दाणा पुन्हा दाणा होत नाही, आणि कूटबद्ध मजकूर चाबी लागली की जसाच्या तसा परत मिळतो.

तिथेच बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘मंग चाबी कोनापाशी रायते? वाटेतच चोरली तं?’’ खरी मेख हीच. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी तोड काढली: दोन्ही बाजू एकेक आकडा उघड पाठवतात, आलेल्या आकड्याशी स्वतःजवळच्या गुप्त आकड्याचं गणित करतात, आणि दोघांकडे एकच चाबी तयार होते. चाबी वाटेला लागतच नाही.

‘गुप्त’ हा शब्दही टाळा. तुम्ही कोणत्या बँकेच्या दारात गेलात, हे वाटेवरच्याला बहुधा कळतंच. आत काय बोललात ते कळत नाही. आणि संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचं, मजकूर कूटबद्ध जातोय एवढंच सांगणारं कुलपाचं चित्र खोट्या संकेतस्थळालाही मिळतं, ही ओळ तक्त्यात जरा ठळक घाला.

लिहिताना ‘कूटबद्ध’, आणि बायांना समजावताना खुशाल ‘चाबीबंद’ म्हणा. कोशात नसेल, पण आजोबांना तो लगेच कळला.