ताकाला काय कळले?

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

पितळी गंजातले ताक पाहून आजी "कळकलंय ते, पिऊ नको" असे म्हणाली, तेव्हा ताकाला नेमके काय कळले, असे तू औशाहून विचारले आहेस. तुझे पत्र वाचून मी इथे म्युनिकच्या स्वयंपाकघरात एकटीच हसले. 'कळणे' या शब्दाशी 'कळकणे'चा काही संबंध नाही. (आणि आजीचा गंज म्हणजे भांडे, लोखंडावर चढतो तो गंज निराळा.)

पितळेत तांबे आणि जस्त असते. ताक, चिंचेचे सार किंवा लोणचे अशा भांड्यात राहिले, की त्यातल्या आंबटपणाने तांबे थोडे थोडे विरघळते, पदार्थावर हिरवट-निळसर झाक येते, जिभेला कडवट, तुरट चव लागते आणि असे काही पोटात गेल्यास मळमळते. दूध नासते, पीठ आंबते, भाकरीला बुरशी येते. पण 'कळकले' असे आपण भांड्यामुळे बिघडलेल्या पदार्थालाच म्हणतो. म्हणजे आजी ताकाला नव्हे, गंजाला नावे ठेवत होती.

हे टाळण्यासाठीच भांड्यांना आतून कल्हई करतात. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून भराभर फिरवतो. तो पांढराशुभ्र थर झिजून खालची पिवळी पितळ दिसू लागली, की त्या भांड्यात आंबट ठेवायचे नाही. मी तुझ्याएवढी असताना हे न पाहता चिंचेचे सार रात्रभर तसेच ठेवले होते, आणि सकाळी ते सगळे उकिरड्यावर गेले.

वेळ अमावास्येच्या सणाला शेतात नेतात ती आंबील ताकाचीच, आणि ती मातीच्या भांड्यात भरतात, हे आता तुझ्या ध्यानात येईल. माती कळकवत नाही.

आजीने ते ताक अजून टाकले नसेल. ज्या आंबटपणाने ते कळकले, त्यानेच पितळेवरचा काळपट थर निघतो, म्हणून ती त्या ताकाने देवाची समई घासेल. तूही घासायला बस. फक्त हात तोंडात घालू नकोस.

तुझी,
आई