तिथी बघून नीघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. डिसेंबरात हरिहरेश्वरहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दाभोळपर्यंत पायी जायचं. टप्पा चांगला निवडलास. रोजच्या वीस किलोमीटरांचा हिशेब मात्र खोडून टाक. इथे आधी विचारायचं ते हे, की अमुक वाट किती वाजेपर्यंत पाण्याबाहेर असते.

म्हणून पहिल्यांदा भरती-ओहोटी शीक. बाकीचं सगळं त्यानंतर. किनाऱ्यावरची माणसं घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. फोनवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेही जवळ ठेव. पण तोंडी हिशेब यायलाच हवा, कारण डोंगराआड रेंज जाते.

आता या हिशेबातून निघायचा दिवस ठरव. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी भर दुपारी बाराला येते. म्हणजे वाळू मोकळी होईल तेव्हा नेमकं ऊन डोक्यावर. शिवाय तो भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, पाणी फारसं मागे हटतही नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की द्वितीया-तृतीयेला नीघ. उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, सकाळी साडेसात-साडेआठला पूर्ण ओहोटी लागते, पाणी लांब जातं आणि ओली, घट्ट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पायाखाली मिळते. सहाला चालायला लागलीस तर दहा-साडेदहापर्यंत दिवसाचं मोठं काम उरकतं. तेवढ्या वेळात जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की दमटपणा अंगाला चिकटतो आणि पाय जड होतात.

कोरड्या वाळूत चालू नकोस, पोटऱ्या भरून येतात. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे उजवा पाय सतत खाली पडतो आणि एका बाजूचा गुडघा धरतो. मधूनमधून वर सुरूच्या बनातून किंवा गावातल्या वाटेने चाल. मोजे-बुटांत वाळू गेली की फोड आलेच म्हणून समज. पट्ट्यांची, मागे टाच बांधणारी सँडल बरी. खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, अनवाणी तर कधीच नको. तिथल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात आणि शेवाळावरून घसरायला होतं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तू पहिल्याच सकाळी लिहिली आहेस. पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने ती वाट जाते. ओहोटीला ती फार सुंदर आहे. भरती चढत असताना तिथे माणसांचे जीव गेले आहेत. लाट मागे गेली की आता पळत पार होऊ, असं वाटतं, आणि पुढची लाट मोठी असते. पाणी चढू लागलं असेल तर वरूनच नमस्कार कर आणि बागमांडल्याला जा.

बागमांडला ते वेसवी फेरीबोट आहे, सावित्रीची खाडी ती ओलांडून देते. पलीकडे बाणकोट, मग वेळास. वेळासहून केळशीकडे जाताना भारजा नदीची खाडी आडवी येते. होडी मिळेल की वळसा पडेल, हे आदल्या संध्याकाळी वेळासमध्येच विचार. खाडीच्या मुखाशी गुडघाभर पाणी दिसलं तरी उतरू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतो. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असतं. तळची वाळू पायाखालून सरकते आणि ओढ थेट खोल पाण्याकडे असते. कडेच्या कांदळवनातला चिखल तर मांडीपर्यंत गिळतो.

वेळासला रात्री पुळणीवर विजेरी घेऊन फिरू नकोस. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येऊन अंडी घालतात. उजेड किंवा हालचाल दिसली तर तशाच परत फिरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर इथे घरटी राखली. पूर्वी अंडी विकली-खाल्ली जायची, त्याच गावात आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. गावाने हे कसं केलं, ते जुन्या माणसांपाशी बसून ऐक. त्यासाठी एक अर्धा दिवस गेला तरी चालेल.

केळशीची पुळण लांब आणि मोकळी आहे. तिच्या दक्षिणेला उटंबरचा डोंगर समुद्रात घुसतो, तिथे किनारा सोडून वर चढावं लागतं. पुढे आडे, पाडले, आंजर्ले. गावांतून वर जाणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, हाच आपला जुना पायरस्ता. परदेशातल्या किनारी वाटांसारख्या खुणांच्या पाट्या इथे मिळणार नाहीत, वाट माणसांना विचारायची. आंबा-काजूच्या बागांतून जायचं झालं तर आधी हाक मार, परवानगी घे आणि गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, बेडं (फाटक) उघडलंस तर परत लाव. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नकोस.

हर्णैला सुवर्णदुर्ग समोर दिसतो आणि बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. तो बघ, पण वाटेत उभी राहू नकोस, तिथे लोक घाईत असतात. पुढचं मुरुड धोंडो केशव कर्व्यांचं. १८७५ साली ते परीक्षेसाठी याच गावाहून साताऱ्याला पायी गेले होते आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. त्या गल्ल्यांतून चालताना मला ते दरवेळी आठवतं. कर्दे, लाडघर, कोळथरे हा भाग कधी पुळण, कधी खडप, कधी डांबरी रस्ता असा आहे. रस्त्याने चालावं लागलं म्हणून खट्टू होऊ नकोस.

तीन लिटर पाणी, मीठ-साखर, टोपी, शिट्टी. तंबू नको. घरगुती राहायची सोय बहुतेक गावांत होते, कुळथाची पिठी आणि भात मिळतो. एकटी आहेस म्हणून काळजी करणारी बाई प्रत्येक गावात भेटेल. तिला पुढचा मुक्काम सांगून नीघ आणि पोचल्यावर तिला फोन कर.

आता बेत पुन्हा मांड. प्रत्येक दिवसापुढे तिथी, ओहोटीची वेळ, वाटेतली खाडी आणि रात्रीचं गाव लिही. शेवटी दोन दिवस रिकामे सोड. कागद पाठवलास की बाणकोट आणि आंजर्ल्यातल्या ओळखीच्या घरांना मी तू येणार असल्याचं कळवतो.

तुझे,
काका