दादरला गाडी बदलताना

अरे, पहिल्या आठवड्यात दादरला सगळेच चुकतात. अंधेरीहून ठाण्याला जायचं म्हणजे पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर यायचं, पूल चढणं आलंच. फलाटांचे आकडे तेवढे पाठ कर: १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य. डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्हीकडे वेगळा ‘एक नंबर’ होता. जुनी मंडळी अजून जुनाच आकडा सांगतात, म्हणून पाटी वाच.

- इंडिकेटरवर ‘ठाणे’ यायची वाट बघत बसू नकोस. कल्याण, बदलापूर, कसारा, कुठलीही चालते. जलद मिळाली तर उत्तम, माटुंगा-शीव गाळते.
- संध्याकाळी परतताना विरार फास्ट सोड. अंधेरीला थांबली तरी तू दारापर्यंत पोचशील याची खात्री नाही! बोरिवली किंवा अंधेरी लोकलच बरी.
- सॅक पोटावर घे. पाठीवर ठेवलीस तर शिव्या खाशील.
- उभा राहशील तिथे शेजारी कोण आहे ते बघ. मी पहिल्याच दिवशी रुबाबात उभा होतो, आणि समोर येऊन थांबला तो महिलांचा डबा. मग जी धावाधाव झाली, विचारू नकोस.

पास लगेच काढ, रोज तिकिटाची रांग परवडत नाही. पुलाच्या कुठल्या जिन्याला गर्दी कमी, ते महिन्याभरात पायांनाच कळेल.