पर्जन्यवृष्टी म्हणजे 'गाईचं गोमूत्र' का?

प्रश्न असा आलाय की पर्जन्य म्हणजे पाऊस आणि वृष्टी म्हणजे पण पाऊसच, मग पेपरवाले 'पर्जन्यवृष्टी' लिहितात ते 'गाईचं गोमूत्र' टाईप झालं ना?

माझ्या मते नाही, कारण पर्जन्य मुळात पाऊस नाहीच, पाऊस पाडणारा आहे. ऋग्वेदात तो देव, गडगडाट, विजा, वादळ सगळं त्याच्याच खात्यात. पाचव्या मंडलातलं 83वं सूक्त वाचून बघा, घोड्यांना चाबूक मारत येणाऱ्या रथवाल्यासारखा तो पावसाचे दूत पुढे धाडतो, आणि सातव्या ऋचेत त्याला सांगितलंय की तुझी 'दृति' ओढ, तोंड मोकळं करून खाली उपडी कर. दृति म्हणजे चामड्याची पखाल. आमच्या आजोबांनी मोट हाकलेली, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागलं नसतं.

पाली भाषेत हाच 'पज्जुन्न' होतो. मच्छजातकात (बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टींपैकी एक) दुष्काळात तळं आटतं, कावळे मासे टिपायला लागतात, तेव्हा मासा झालेला बोधिसत्त्व चिखलातून वर येऊन पज्जुन्नाला हाक मारतो की गर्ज आणि बरस.

पुढे देव मागे पडला आणि त्याने पाडलेलं पाणीच पर्जन्य झालं, गीतेतल्या 'पर्जन्यादन्नसम्भवः' मध्ये आपण पाऊसच समजतो. मराठीत तर तेवढंच उरलं, पर्जन्यमान, पर्जन्यछाया (इगतपुरी धो धो आणि सिन्नर-येवला कोरडं, ही ती छाया). म्हणून पर्जन्यवृष्टी चूक नाही, पण जड आहे, सरळ पाऊस लिहा की राव.

खरी चीड मला 'वरुणराजाची हजेरी' या हेडिंगची येते. वरुण पाण्याचा, समुद्राचा, पाऊस पाडायचं काम पर्जन्याचं नाहीतर इंद्राचं. राजाच पाहिजे तर पर्जन्यराजा म्हणा.

आणि नाशकात गोदेला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते विचारतो ना, गुडघ्याला का कमरेला, तो मारुती पण मरुताचा, म्हणजे वाऱ्याचाच पोरगा. पाणी त्याच्या छातीला लागलं की मला पर्जन्याच्या त्याच सूक्ताची शेवटची ऋचा आठवते, 'अवर्षीः', बरसलास, आता आवर.