पिटबुल आणतोयस? जरा ऐक भावा

भावा, पिटबुल आण की, पण रंकाळ्यावर छाती काढून मिरवायला आणणार असशील तर नको. आमची राणी सहा वर्षांची हाय, आज्जी मेथी निवडत बसली की हिची हनुवटी आज्जीच्या पायावर, आणि सगळं अंग असं टेकवून बसती की आज्जीचा पाय बधिर होतो तरी ती हिला उठवत नाही. माणसाचा लई लळा या जातीला. पण मूळची ही जात कुत्र्यांच्या झुंजीसाठी तयार केलेली, त्यामुळं घरात लोण्यासारखी असली तरी गल्लीतलं कुत्रं दिसलं की पट्टा घट्ट धरायला लागतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नको. पहिले तीन-साडेतीन महिने लई महत्त्वाचे, तेव्हाच पाहुणे, पोरं, रिक्षा, कुकरची शिट्टी, सगळं हळूहळू दाखव, मारू तर अजिबात नको, खाऊ देऊन शिकव. लहान पोरासंगं एकटं सोडायचं नाही, कुठलंच कुत्रं. तांबडा रस्सा पण नको, कांदा-लसूण त्यास्नी विषारी (आमच्या मामानं एकदा प्रेमानं वाटीभर घातला, रात्रभर उलट्या, आणि फरशी पुसली कुणी, मी).

२०२४ च्या मार्चात केंद्रानं २३ जातींच्या बंदीचं पत्रक काढलेलं, ते एप्रिलात कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, तरी आणायच्या आधी महापालिकेत लायसन्सचं विचारून ये.